तर्रीसोबत कोकण: नागपूर, दिवेआगर, दापोली

नागपूरकराला समुद्र पाहायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा कापावा लागतो. त्यात आमच्या सोबत तर्री. तर्री म्हणजे आमची गावठी कुत्री. पोह्यांवरच्या तर्रीचा जो लालसर तपकिरी रंग, तोच हिचा, म्हणून नाव तेच. गाडीत मी, नवरा आणि सासूबाई. विमानाने गोवा करू, तर्रीला बोर्डिंगमध्ये ठेवू, असा विचार आधी झाला होता. सासूबाईंनी तो एका वाक्यात निकालात काढला, "तिले हॉस्टेलात ठेवता तर मीबी येत नाई." मग गाडीच काढली. डिसेंबरात तसंही हिवाळी अधिवेशनामुळे नागपुरात मंत्र्यांच्या गाड्यांची वर्दळ वाढते, तेव्हा शहराबाहेर असलेलं बरं.

निघायच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरकडे जाऊन आलो. रेबीजची लस चालू आहे का, लेप्टोस्पायरोसिसचा डोस झाला आहे का (कोकणातल्या ओल्या वाड्यांमध्ये, उंदीर-घुशी फिरतात तिथे हा महत्त्वाचा), गोचिडांचं औषध, आणि घाटासाठी मळमळीची गोळी. गोळ्या वजनाप्रमाणे असतात, माणसांच्या औषधपेटीतली द्यायची नाही. लसीकरणाच्या पुस्तिकेचे फोटो फोनमध्ये ठेवले आणि गळपट्ट्याला आमचा मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला लावला. आणखी एक सामान खास नागपूरचं: संत्र्यांची पेटी. वाटेत ज्यांच्याकडे उतरू त्यांना द्यायला. ही पेटी पुढे आमच्या फार कामी आली.

पहिला दिवस: शिवमडका ते छत्रपती संभाजीनगर

पहाटे निघालो तेव्हा कडाक्याची थंडी होती. तर्री मागच्या सीटवर, सासूबाईंच्या शालीत अर्धी शिरलेली. शिवमडक्याला समृद्धी महामार्गावर चढलो आणि त्यानंतर स्टिअरिंग फिरवायचं कामच उरलं नाही. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, आणि ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू आहे. सरळ, रुंद, सिमेंटचा रस्ता. चालवणाऱ्याचे डोळे जड होतात ते याच सरळपणामुळे. आमच्याकडे या दुखण्यावर औषध होतं. तर्रीला दर दीड-दोन तासांनी उतरायचं असतं, त्यामुळे चालकालाही उतरावं लागतं. नवरा एरवी "अजून पन्नास किलोमीटर" म्हणत तीन तास गाडी हाकतो. या वेळी मागून एक कुईं ऐकू आली की निमूट विश्रांतीच्या जागेकडे वळायचा.

मध्ये मध्ये वन्यप्राण्यांसाठी बांधलेले हिरवे पूल लागतात. नीलगाय, हरणं वरून जावीत आणि गाड्या खालून. नवऱ्याने हे समजावून सांगितलं, तर सासूबाईंचा प्रश्न, "जनावरांले पूल, हे चांगलंच केलं. अन् चहाले?" चहा मिळाला, पण बराच पुढे. तोपर्यंत घरून आणलेली सांबारवडी आणि लोणचं. कोथिंबिरीला आपण सांबार म्हणतो, हे पुढे दिवेआगरच्या काकूंना सांगितल्यावर त्या डोसा कुठे आहे म्हणून शोधू लागल्या होत्या.

या रस्त्यावर कुत्रं नेणाऱ्यांनी एवढं बघावं: थांबा नेमलेल्या जागीच घ्यायचा, कडेला गाडी लावून खाली उतरायचं नाही. आणि उतरल्यावर आधी आपला तळहात उलटा करून जमिनीला पाच-सहा सेकंद लावायचा. आपल्याला सोसवत नसेल तर तिच्या पंजांनाही सोसवत नाही. डिसेंबर असला तरी दुपारी एक वाजता सिमेंट चांगलं तापलेलं होतं. आम्ही तिला गवताच्या पट्ट्यावरच फिरवलं. हार्नेसला सीटबेल्टची पट्टी लावलेली होती. एकशेवीसच्या वेगाला ब्रेक लागला तर मोकळं सुटलेलं अठरा किलोचं जनावर थेट पुढच्या काचेवर येईल.

दुपार उतरायच्या आत संभाजीनगर. मुक्काम नात्यातल्या घरी, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. त्यांच्या मांजरीने रात्रभर कपाटावरून तर्रीवर पाळत ठेवली एवढंच.

दुसरा दिवस: पुणे

अहिल्यानगरमार्गे पुणे. ट्रक, गतिरोधक, उसाच्या ट्रॉल्या. पुढे.

तिसरा दिवस: ताम्हिणी आणि पहिला समुद्र

ताम्हिणी घाट पावसाळ्यात बघावा असं सगळे म्हणतात. डिसेंबरातही मुळशीचं पाणी निळंभोर होतं आणि कडेचं गवत सोनेरी झालेलं. तर्रीला यातलं काही दिसलं नाही, कारण ती डोळे मिटून, जीभ बाहेर काढून लाळ गाळत होती. गोळी तासभर आधी दिली होती, पोट रिकामं ठेवलं होतं, तरी उताराच्या वळणांवर दोनदा उलटी झालीच. सीटवर टाकलेलं झोळीसारखं कापड सोडवून झटकलं आणि पुढे निघालो. हे कापड घ्याच, ऑनलाइन स्वस्तात मिळतं. घाटात खिडकी चार बोटं उघडी ठेवली आणि एसी बंद केला तर तिला बरं वाटतं, हा शोध सासूबाईंचा. त्यांना स्वतःलाही घाट लागतो, त्यामुळे हे ज्ञान अनुभवाचं.

माणगावला उतरलो तशी हवा बदलली. अंगाला चिकटणारी, ओलसर, उबदार. म्हसळा, बोर्ली पंचतन, आणि मग दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या सुरू झाल्या.

दिवेआगरला जिथे खोली ठरवली होती तिथे फोनवर "पेट चालेल" असं स्पष्ट सांगितलेलं होतं. दारात गेल्यावर त्यांनी तर्रीकडे बघितलं आणि म्हणाले, "आम्हाला वाटलं लहान असेल. पोमेरियन वगैरे. ही गावठी आहे, हिला बाहेर बांधा." बाहेर म्हणजे रस्त्याच्या कडेला, गेटाला. नवरा वाद घालण्याच्या तयारीत होता. सासूबाई गाडीतून उतरल्या, संत्र्यांची पेटी उघडली, चार-पाच संत्री ओच्यात घेतली आणि सरळ समोरच्या वाडीत शिरल्या. दहा मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाल्या, "चला, सामान उतरवा. खोली हाय, अन् कुत्रंबी हाय त्यांच्याकडं."

तर पुढच्या लोकांसाठी: फोनवर "कुत्रा चालतो का" असं विचारून भागत नाही. खोलीत चालतो की अंगणात, मोठा चालतो का, गावठी चालतो का, आवारात दुसरी कुत्री आहेत का, हे सगळं विचारावं आणि कुत्र्याचा फोटो पाठवून उत्तर लेखी घ्यावं.

समोरच्या वाडीतल्या काकूंचं घर जुनं, चिऱ्याचं, पुढे ओटी, मागे सुपारीची वाडी. पाटाचं पाणी झुळझुळत होतं. त्यांचा काळू नावाचा म्हातारा कुत्रा. नाकावर पांढरे केस, एक कान दुमडलेला. त्याने तर्रीला हुंगलं, एक जांभई दिली आणि परत पायरीवर जाऊन झोपला. तर्री या अपमानाने बराच वेळ उभी राहिली.

संध्याकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. पाणी ओसरत होतं, वाळू लांबलचक, ओली, चकाकणारी. आम्ही तिघं मोबाइल घेऊन तयार. आयुष्यात नागपूरच्या अंबाझरी आणि फुटाळा तलावांपलीकडे पाणी न बघितलेली कुत्री समुद्राला कशी सामोरी जाते हे टिपायचं होतं. तर्री पुढे गेली. पहिली लाट पायाला लागली तशी तिने वळून माझ्याकडे बघितलं. मग समुद्राकडे पाठ करून बसली आणि वाळूत एका भोकापाशी नाक लावलं. भोकातून पांढरट खेकडा निघाला, तिरका पळाला आणि दुसऱ्या भोकात गेला. त्या क्षणापासून मुक्काम संपेपर्यंत तर्रीसाठी कोकण म्हणजे खेकडे. एकही तिच्या हाती लागला नाही.

किनाऱ्यावर संध्याकाळी घोडागाड्या, वाळूत धावणाऱ्या मोटारी, भेळवाले, गोंगाट. तिला ते सोसेना. अर्ध्या तासात परतलो. मधल्या काळात ती खारं पाणी चाटून आली होती, त्यामुळे रात्री पोट बिघडलं. समुद्राचं पाणी थोडं गेलं तर जुलाब-उलटीवर निभावतं, जास्त गेलं तर शरीरात मिठाचं प्रमाण वाढून प्रकरण गंभीर होऊ शकतं. किनाऱ्यावर जाताना गोड्या पाण्याची बाटली आणि वाटी न्यायची आणि तहान लागायच्या आधीच पाजायचं, हे दुसऱ्या दिवसापासून नेमाने सुरू केलं. त्या रात्री तिला फक्त भात आणि ताक.

झोपण्याआधी काकू सांगून गेल्या, "हिला ओटीवर बांधू नका हो. आतच घ्या. गेल्या महिन्यात शेजारचा कुत्रा बिबट्याने उचलला." आम्ही नागपूरचे, वाघाच्या गोष्टी सांगणारे. पण वाघ ताडोब्यात असतो, ओटीवर येत नाही. दाराला आतून कडी लावून घेतली.

चौथा दिवस: दिवेआगर, संकष्टी

सकाळी काकांनी भरती-ओहोटीचं गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. आज चतुर्थी, म्हणजे चार पाऊण तीन. पहाटे तीन आणि दुपारी तीनला भरती, मधे सहा तासांनी, नवाच्या सुमारास ओहोटी. उद्या पंचमीला पावणेचार. रोज पाऊण तास पुढे सरकतं. पंचांग बघणाऱ्या सासूबाईंना हे इतकं आवडलं की त्या दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला भरतीची वेळ सांगत होत्या. कुत्रं घेऊन गेलेल्यांना ओहोटीची वेळ माहीत असणं फार सोयीचं. ओली घट्ट वाळू पंजांना बरी पडते, चालायला अंतर मिळतं आणि लाट अचानक अंगावर येत नाही.

आम्ही सातला निघालो. काळू आपणहून पुढे झाला. इथे मला जे दिसलं त्यासाठी तयारी नव्हती. दिवेआगरचा किनारा काही किलोमीटर लांब आहे, आणि तो कुत्र्यांनी आपसात वाटून घेतलेला आहे. सुरूच्या बनात पहिली टोळी, होड्या ओढून ठेवतात तिथे दुसरी. नवं कुत्रं दिसलं की सगळे उठून येतात. पहिली टोळी आली, पाच जण, कान ताठ. माझ्या हातातला दोर घट्ट झाला. काळू तर्री आणि त्यांच्यामध्ये जाऊन आडवा उभा राहिला. भुंकला नाही, गुरगुरलाही नाही. ते पाचही जण थांबले, हुंगाहुंगी झाली, आणि आम्हाला वाट मिळाली. पुढच्या टोळीपाशी हेच. किनारा संपेपर्यंत म्हाताऱ्याने आम्हाला सुखरूप नेऊन आणलं.

कुत्रा घेऊन किनाऱ्यावर जाण्यातली खरी अडचण मला तरी हीच वाटली. लाटा, ऊन, हॉटेलं यांचं काहीतरी करता येतं. तिथल्या कुत्र्यांचा मुलूख मात्र तिथल्याच कोणालातरी सोबत घेऊन ओलांडावा. यजमानाचा कुत्रा असेल तर उत्तम, नसेल तर यजमान. आणि दोर सोडायचा नाही, कितीही मोकळी वाळू दिसली तरी.

नंतर काकूंनी वाडी दाखवली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. "सकाळी वाडी होती, संध्याकाळी आकाश होतं," काकू म्हणाल्या. उंच सुपाऱ्या एकमेकींवर आडव्या पडल्या, नारळ मुळासकट उपटले. सुपारीला फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. आत्ता कुठे नव्या झाडांना पहिले घड दिसायला लागलेत. काका रोज सकाळी एकेका झाडाला हात लावून जातात. ते काय तपासतात ते काही विचारलं नाही. तर्री त्यांच्या मागे मागे फिरत होती, प्रत्येक आळ्यात एकदा लोळून.

सासूबाईंचा उपास होता. सुवर्णगणेशाच्या देवळात आम्ही पाळीपाळीने गेलो, कारण तर्रीजवळ कोणीतरी थांबायला हवं. १९९७ साली इथे एका वाडीत जमिनीखाली गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ च्या मार्चमध्ये दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि मुखवटा चोरीला गेला. आता नव्याने घडवलेला मुखवटा आहे. माझी पाळी आली तेव्हा बाहेर तर्रीभोवती शाळकरी पोरांचा घोळका. एकाने विचारलं, "ही कुठल्या जातीची?" नवरा म्हणाला, "नागपुरी." पोरगा गंभीर चेहऱ्याने मित्रांना म्हणाला, "इंपोर्टेड आहे."

चंद्र डोंगरामागून वर यायला बराच उशीर झाला. मग उकडीचे मोदक, वर साजूक तूप, डाळिंब्यांची उसळ, आमसुलाचं सार. सासूबाईंनी उसळ चाखली आणि माझ्या कानात, "छान हाय व, पण तिखट कोठी हाय?" ठेच्याची डबी त्यांनी पदराखालून काढलीच. काकूंनी तो ठेचा बोटाच्या टोकावर घेतला आणि अर्धा तांब्या पाणी प्यायल्या.

तर्रीला उसळ द्यायची काकूंची फार इच्छा होती. हात जोडून नको म्हटलं. कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतो, आणि कोकणातल्या बऱ्याच वाटणांत तो असतो. सुकी मासळीही नको, मीठ फार. घरचा भात, उकडलेलं कोंबडीचं मांस, ओलं खोबरं चवीपुरतं. संत्र्याची फोड बी काढून चालते. ती तिने काळूसोबत वाटून खाल्ली. म्हणजे काळूने थुंकली आणि तिने दोघांच्या वाटची खाल्ली.

पाचवा दिवस: हरिहरेश्वर, जंगलजेट्टी, वेळास, मुरूड

निघताना काकूंनी सुपाऱ्या, कोकमं आणि नारळ गाडीत टाकले. आम्ही उरलेल्या संत्र्यांतली निम्मी त्यांच्याकडे ठेवली. काळू पायरीवरून उठला नाही.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची असते. लाटांनी कोरून खडकाला मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडली आहे. नवरा आणि सासूबाई जाऊन आले. पायऱ्या उभ्या, खडक निसरडा, तर्रीला तिथे न्यायचा प्रश्नच नव्हता. आम्ही दोघी सावलीत थांबलो आणि एका बकरीशी ओळख केली.

बागमांडल्याहून पलीकडे वेसवीला फेरीबोट जाते, हीच ती जंगलजेट्टी. सावित्रीची खाडी ओलांडायला काही मिनिटं लागतात आणि रस्त्याचा मोठा वळसा वाचतो. गाड्या, दुचाक्या, माणसं सगळं एकाच डेकवर. चढताना लोखंडी फळीवर धाडकन आवाज होतो, इंजिनाची थरथर लागते. तर्री गाडीत माझ्या मांडीवर चढून बसली. बोट खाडीच्या मधोमध गेली तेव्हा हळूच काच खाली केली. कुरवांचा थवा बोटीमागे येत होता, कोणीतरी त्यांना शेव टाकत होतं. तर्रीने डोकं बाहेर काढलं, नाक वर केलं, आणि घाटात हरवलेला सगळा उत्साह परत आला. प्रवासभर काढलेल्या फोटोंतला धड आलेला एकच, तो तिथला. बोटीवर कुत्र्याला गाडीतच ठेवावं, डेकवर बाकी गाड्यांमधून उभं राहायला जागा नसते आणि भोंगा अचानक वाजतो.

वेळास म्हणजे नाना फडणवीसांचं गाव, आणि आता कासवांचं. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री येऊन वाळूत खड्डा करतात, एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून इथे संरक्षण सुरू केलं, गावाने ते उचलून धरलं. किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक तरुण भेटला. घरटं सापडलं की अंडी कुंपणात कशी हलवतात, पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं कशी बाहेर पडतात, हे तो सांगत होता. मी विचारलं, "अंड्यांना धोका कोणाचा?" तो जरा घुटमळला. मग तर्रीकडे बघून म्हणाला, "कोल्ह्यांचा. आणि ताई, ह्यांचा."

तर्री गाडीतून उतरलीच नाही. घरटी सापडण्याचा हंगाम तेव्हा सुरूच होत होता, आणि जी मुलगी खेकड्याचं भोक सोडत नाही ती कासवाचं घरटं सोडेल असं मानायला काही कारण नाही. नोव्हेंबर ते मे या काळात वेळास, आंजर्ले आणि अशा सगळ्या कासवांच्या किनाऱ्यांवर कुत्रं न्यायचं नाही, दोर लावूनही नाही. आम्ही पाळीपाळीने किनारा बघून आलो. सासूबाईंनी पिल्लांचा महोत्सव साधारण फेब्रुवारी-मार्चपासून असतो हे दोनदा विचारून घेतलं, तेव्हाच मला कळलं की पुढचं काय ते शिजतंय.

केळशी, आंजर्ले करत वळणावळणाचा रस्ता. इथे उलटी झाली नाही. बहुतेक पोटात काही नव्हतंच. संध्याकाळी दापोलीजवळच्या मुरुडला पोचलो. इथल्या यजमानांनी दारातच तर्रीसाठी पाण्याची बादली ठेवली होती.

सहावा दिवस: काटा, आणि हर्णैचा लिलाव

मुरुडचा किनारा सकाळी जवळजवळ मोकळा होता. एका बाजूला नौका लागल्या होत्या आणि जाळी झाडणं चाललं होतं. तिथून जाताना तर्री एकदम ओरडली आणि पुढचा पाय वर धरला. पंजाच्या गादीत काटा, करवतीसारखा दातेरी, बोटाच्या पेराएवढा. मी ओढायला हात घातला तसा जाळी झाडणारा एक काका धावत आला. "थांबा ताई, तसा ओढू नका. शिंगाळ्याचा काटा आहे, आत तुटेल." त्याने तिचा पाय गुडघ्यावर घेतला, गादी दोन बोटांनी दाबली आणि काटा ज्या रेषेत आत गेला होता त्याच रेषेत सरळ बाहेर उपसला. तर्री त्याला चावेल म्हणून मी तोंड धरलं होतं. ती चावली नाही, त्याच्या हाताला मासळीचा इतका सुंदर वास येत होता की दुखणं विसरून ती तोच चाटत होती.

मग त्याने बायकोला घरून गरम पाणी आणायला लावलं. शिंगाळ्याच्या काट्याला विष असतं, सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवला की ठणका कमी होतो. माणसांनाही ते हेच करतात. वीस मिनिटं आम्ही वाळूत बसून तर्रीला पाद्यपूजा घडवली. पैसे घ्यायला त्याने साफ नकार दिला. संत्री घेतली.

काकाने आणखी एक दाखवलं. जाळ्यातून टाकून दिलेल्या ढिगात एक फुगलेला, काटेरी पोटाचा मासा. केंड. "हा कुत्र्याने खाल्ला तर संपलं. इथली कुत्री शिवत नाहीत, शहरातली काय खातील सांगता येत नाही." केंडाच्या शरीरात मज्जासंस्था बधिर करणारं विष असतं आणि त्यावर उतारा नाही. किनाऱ्यावर वाहून आलेलं काहीही तोंडात जाऊ द्यायचं नाही. "सोड" ही एक आज्ञा शिकवल्याशिवाय कुत्र्याला समुद्रावर आणूच नये असं माझं मत झालं आहे.

दापोलीला जाऊन पशुवैद्यकाला दाखवलं. जखम धुतली, प्रतिजैविक दिलं, पंजा कोरडा ठेवायला सांगितलं. कोरडा, समुद्रावर! नवऱ्याचा पायमोजा घालून वर चिकटपट्टी लावली. सासूबाईंनी मोज्याकडे बघून म्हटलं, "दुसराबी घाल, जोडी तरी दिसन."

संध्याकाळी हर्णै बंदर. तर्री आणि नवरा गाडीत, आम्ही दोघी लिलाव बघायला. नौका खोल पाण्यात उभ्या राहतात, लहान होड्यांतून आणि बैलगाड्यांतून मासळी किनाऱ्यावर येते. बैल पोटापर्यंत पाण्यात शिरून शांत उभे होते. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, मागे सूर्य, आणि पुढे सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबीचे ढीग. बोली इतक्या वेगात चालते की आपल्याला कळेपर्यंत ढीग उचललेला असतो. सासूबाईंना गोड्या पाण्यातल्या मासळीची पारख आहे, इथल्या एका बाईशी त्यांनी कल्ले उघडून बघत दहा मिनिटं चर्चा केली, दोघींनी एकमेकींचं निम्मं ऐकलं असेल. घेतली सुरमई. यजमानांनी ती तव्यावर भाजली, सोबत सोलकढी. तर्रीला बिनमिठाचा, काटे काढलेला एक उकडलेला तुकडा. ताट तिने इतकं चाटलं की ते घरात फिरत राहिलं.

परतीचे दिवस

खेड, कशेडीचा बोगदा, महाड, माणगाव, पुन्हा ताम्हिणी. या वेळी आम्ही गोळी वेळेवर दिली, चढ सकाळी लवकर केला आणि प्रत्येक मोठ्या वळणानंतर पाच मिनिटं थांबलो. घाट निभावला. पुणे, संभाजीनगर, मुक्काम तेच. मांजर कपाटावर हजर होती.

समृद्धीवर मेहकरच्या पुढे रात्र झाली. दिव्यांशिवाय काही दिसत नाही आणि झोप चढते, म्हणून कोणाला घाई नसेल तर हा पट्टा दिवसा करा.

घरी आल्यावर तर्रीला दोनदा गोड्या पाण्याने आंघोळ घातली, कान कोरड्या कापडाने पुसले, बोटांच्या फटी, काखा, कानामागे गोचीड बघितल्या. वाडीत लोळल्याचा प्रसाद म्हणून तीन निघाल्या. मिठाने नाक आणि पंजे कोरडे पडतात, रात्री खोबरेल लावलं आणि चाटू नये म्हणून तासभर गप्पा मारत बसलो. नागपूरच्या डॉक्टरांनी पंजा बघितला, जखम भरलेली होती. काकाने काटा कसा काढला ते विचारून घेतलं आणि म्हणाले, मीही असाच काढला असता.

वेळासला मार्चमध्ये जायचं सासूबाईंनी पक्कं केलं आहे. तर्री येणार नाही, हे त्यांनाच मान्य आहे. तेव्हा तिच्याजवळ कोण राहणार यावर घरात लिलाव सुरू आहे, आणि अजून कोणी बोली लावलेली नाही.